मंडई : चालणाऱ्यांची की बसणाऱ्यांची?

जुन्या शहरातील एखादा बाजार ‘माणसांसाठी’ नव्याने रचावयाचा असे ठरले की प्रथम त्याचे संकल्पचित्र तयार होते. अशी चित्रे आता आपणां सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. त्यांत कोवळे ऊन पडलेले असते. फरसबंदी नुकती धुतल्यासारखी दिसते. एक तरुण जोडपे चालत येते, मुलाच्या हातात फुगा असतो, बाकावर एक आजोबा वर्तमानपत्र वाचत असतात आणि पार्श्वभूमीला जुनी दगडी इमारत डौलाने उभी असते. डोक्यावर पाटी घेतलेली बाई त्या चित्रात सहसा नसते. पाठीवर पोते वाहणारा हमाल नसतो. गोणपाटावर मांडलेले कोथिंबिरीचे ढीग, त्यांवर मारलेले पाणी आणि त्या पाण्याने ओली झालेली जमीन नसते. म्हणजे बाजाराच्या चित्रातून नेमका बाजारच गळालेला असतो.

या विषयावर साहित्याच्या अभ्यासकांनी का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील. नगररचना हे आमचे क्षेत्र नव्हे, हे आम्ही आरंभीच कबूल करतो. परंतु आराखडा हीदेखील एक संहिता आहे. तिला निवेदक आहे, तिला गृहीत धरलेला वाचक आहे, आणि तिच्यात काही पात्रांना नावे मिळतात तर काहींना फक्त गर्दी म्हणून उभे केले जाते. संहितेत कोण बोलतो, कोणाविषयी बोलतो आणि कोणाला गाळतो, हे पाहण्याचे शिक्षण आपण वर्गात वर्षानुवर्षे देतो-घेतो. ते शिक्षण कादंबरीच्या पानांबाहेर काही उपयोगाचे असेल, तर ते अशा ठिकाणी वापरून पाहावयास हवे. म्हणून पुण्याच्या महात्मा फुले मंडईचा आणि तिच्याभोवतालच्या बाजारपेठेचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी या जागेची थोडी ओळख. शुक्रवार पेठेत उंच मनोरा असलेली, मधल्या अष्टकोनातून पाखे फुटलेली मंडईची दगडी इमारत आहे. ती १८८० च्या दशकात उभी राहिली आणि तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली गेली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. मंडईच्या एका बाजूस तुळशीबाग, जिथे पेशवाईत नारो आप्पाजी खिरे तुळशीबागवाले यांनी राममंदिर बांधले आणि ज्याच्या आवारात व आजूबाजूस भांडीकुंडी, बांगड्या, खोटे दागिने, संसारोपयोगी वस्तू यांची दुकाने दाटली. दुसरीकडे बोहरी आळी, तपकीर गल्ली, बुरूड आळी. थोडे चालले की लक्ष्मी रस्ता. येथील आळ्यांची नावे वाचली तरी कोण कोठे बसून काय विकत होते याची यादी हाती लागते. शहराने आपली व्यापाराची वही अशी पाट्यांवर लिहून ठेवली आहे.

मंडई ही केवळ भाजी घेण्याची जागा कधीच नव्हती. १९२४ मध्ये लोकमान्य टिळकांचा पुतळा येथे उभारला गेला, आणि अनंत चतुर्दशीला मानाच्या गणपतींची विसर्जन मिरवणूक आजही या पुतळ्यापासून निघते. सभा, प्रचार, वादविवाद यांची ही हक्काची जागा. ‘मंडई विद्यापीठ’ हा शब्द पुण्यात थट्टेने वापरला जातो. पण त्या थट्टेत थोडा आदरही मिसळलेला आहे. ज्या शहराला आपल्या विद्यापीठाचा एवढा अभिमान, त्याने त्याच्या तोडीला भाजीबाजार ठेवावा, ही लहान गोष्ट नाही.

या इमारतीच्या जन्मकथेत एक विरोधाभास आहे, आणि तो आजच्या चर्चेला थेट भिडतो. ज्यांचे नाव आज तिला आहे, त्या जोतीराव फुल्यांचा ती बांधण्याला विरोध होता. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईच्या नव्या इमारतीवर एवढा पैसा ओतण्याऐवजी तो शिक्षणाकडे वळवावा, अशी त्यांची भूमिका होती. हेच फुले १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याच्या ठरावाला एकटे विरोध करणारे सदस्य होते. त्यांचा विरोध बाजाराला नव्हता. फुलांच्या व्यवसायावरून ज्या घराला आडनाव मिळाले त्या घरातला, स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतलेला हा माणूस. विटेचा भाव त्याला ठाऊक होता आणि ओझ्याचा भारही. त्याचा प्रश्न एवढाच होता की हा खर्च कोणाच्या नावावर होतो आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो.

पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना ‘रे मार्केट’चे ‘महात्मा फुले मंडई’ झाले. गव्हर्नराचे नाव जाऊन ते आले हे योग्यच झाले. पण नाव देण्याने एक गंमतही घडली : ज्याने प्रश्न विचारला, त्याचेच नाव उत्तरावर कोरले गेले आणि प्रश्न मागे पडला. मंडईच्या परिसरात आज जे काही नवे करावयाचे, त्याला तो प्रश्न पुन्हा विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. या बाजारपेठेचा पहिला शत्रू वाहन आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. बैलगाडी, टांगा आणि पायी चालणारा माणूस यांच्या मापाने आखलेल्या पेठांत मोटार शिरली, दुचाकी शिरली आणि माणूस कडेला सरकत गेला. वाहनांना जागा देण्यासाठी शहराने काय काय दिले याचा हिशेब मंडईभोवती फिरताना दिसतो. पुण्याच्या आरंभीच्या चित्रपटगृहांपैकी ‘आर्यन’ मंडईलगत होते. आज त्या जागी वाहनतळ आहे. परिसरातील आणखी एका वाहनतळाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीच्या बाजारपेठेत विदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्याच ट्रकखाली प्राण दिलेला हा गिरणी कामगार. त्याचे नाव गाड्या उभ्या करण्याच्या इमारतीला द्यावे, यात कोणाचा वाईट हेतू नसणार. पण नावे देताना आपण ती वाचत नाही, एवढे मात्र यावरून दिसते.

म्हणून पादचाऱ्यांच्या बाजूने जे जे झाले त्याचे आम्ही स्वागतच करतो. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. २०२१ पासून ११ डिसेंबर हा ‘पादचारी दिन’ म्हणून साजरा होऊ लागला आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून केवळ चालणाऱ्यांसाठी मोकळा करण्यात आला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि मंडईला स्वतःचे स्थानक मिळाले. आता दूरच्या उपनगरातला माणूस गाडी न आणता थेट मंडईत उतरू शकतो. गाडीशिवाय गिऱ्हाईक येणार कसे, हा दुकानदारांचा जुना आक्षेप पूर्णपणे संपला असे नव्हे, पण त्याचा जोर कमी झाला.

शिवाय लक्ष्मी रस्त्याला चालणाऱ्यांची सवय नवी नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा हाच रस्ता वारकऱ्यांच्या पावलांनी भरतो. विसर्जन मिरवणुकीत तर येथे वाहनांचा मागमूस नसतो. वर्षातून काही दिवस हा रस्ता पूर्णपणे माणसांचा असतो आणि त्या दिवसांत शहर बुडत नाही. कोपनहेगनने १९६२ मध्ये आपला मध्यवर्ती बाजाररस्ता, स्ट्रॉयट, प्रायोगिक म्हणून वाहनमुक्त केला, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनीही शंका काढल्या होत्या. तो प्रयोग पुढे कायम झाला. डेन्मार्कचा दाखला आम्ही देतो तो नाइलाजाने. आपल्याच पालखीचा दाखला नियोजनाच्या चर्चेत पुरेसा गंभीर मानला जात नाही, म्हणून.

इथवर आमचे आणि आराखडेवाल्यांचे एकमत आहे. मतभेद पुढे सुरू होतो, आणि तो एका शब्दापाशी सुरू होतो.

तो शब्द म्हणजे ‘पादचारी’. पायांनी चालणारा. ‘माणसांसाठी रस्ता’ या घोषणेतला माणूस आराखड्यात उतरताना पादचारी होतो. त्याला चालण्यासाठी रुंदी हवी, सलग पदपथ हवा, अडथळा नको. हे सर्व रास्त आहे. पण बाजारात सगळीच माणसे चालत नसतात. बाजार घडतो तो कोणीतरी बसल्यामुळे. एक जण बसतो, म्हणून दुसरा त्याच्यापाशी थांबतो. सगळेच चालू लागले तर तो रस्ता होईल, बाजार होणार नाही. मंडईच्या इमारतीत ही गोष्ट बांधणीतच आहे. तेथे विक्रेते उंच ओट्यांवर मांडी घालून बसतात आणि गिऱ्हाईक खाली उभे राहते. विकणाऱ्याची नजर घेणाऱ्याच्या नजरेला समोरासमोर भिडते, कधी तर थोडी वरूनच येते. हा ओटा म्हणजे एक सामाजिक विधान आहे. बाहेर जमिनीवर बसलेल्या बाईला तो मान नाही; तिच्याशी आपण वाकून बोलतो किंवा न वाकता भाव करतो.

आता दुसरा शब्द पाहा : ‘फेरीवाला’. जो फेरी मारतो तो. व्युत्पत्तीने पाहिले तर शहरातला सर्वांत जुना पादचारी हाच. तरीही पादचाऱ्यांच्या हिताच्या चर्चेत तो पादचारी गणला जात नाही. तो पादचाऱ्याच्या वाटेतला अडथळा ठरतो. आणि तिसरा शब्द ‘अतिक्रमण’. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. मर्यादेपलीकडे पाऊल टाकणे ते अतिक्रमण. सकाळपासून रात्रीपर्यंत एका जागेवरून न हललेल्या बाईवर ‘पाऊल टाकल्याचा’ आरोप भाषा करते, आणि तिच्या अंगावरून पुढे सरकणाऱ्या दुचाकीला तो शब्द लागत नाही. ही शब्दांची गंमत म्हणून आम्ही सांगत नाही. प्रशासनाची कारवाई शब्दांपासून सुरू होते. ज्याला ‘अतिक्रमण’ म्हटले त्याला हटवता येते. त्यालाच ‘विक्रेता’ म्हटले तर त्याच्याशी बोलावे लागते.

दिल्लीच्या चांदणी चौकात काय झाले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे सव्वा किलोमीटरचा तो ऐतिहासिक रस्ता नव्याने रचून २०२१ मध्ये खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी, लाल दगडाची फरसबंदी, बसण्याची ठिकाणे, झाडे. वर्षानुवर्षे कोंडलेला रस्ता मोकळा झाला, हे यश मोठेच होते. परंतु तोच रस्ता ‘विक्री-निषिद्ध क्षेत्र’ही होता आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील बेकायदा पथविक्रेत्यांना हटवण्याचे आदेश दिले. म्हणजे मोटार आणि पाटी या दोहोंना एकाच झाडूने दूर करण्यात आले. चारशे वर्षांच्या जवळ जाणाऱ्या बाजाराच्या पुनर्रचनेत विकणारा रस्त्यावर चालत असेल तर नागरिक आणि बसला तर गुन्हेगार, असा अर्थ त्यातून निघाला.

युरोपातील दोन जुन्या बाजारांची कथा साहित्याच्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. पॅरिसच्या ‘ले आल’ या मध्यवर्ती बाजारावर झोलाने १८७३ मध्ये संपूर्ण कादंबरी लिहिली, ‘पॅरिसचे पोट’ अशा अर्थाच्या नावाची. १९६९ मध्ये तो बाजार शहराबाहेर रुंजिस येथे हलवला गेला आणि बाल्तारने उभारलेले लोखंड-काचेचे मंडप १९७१ पासून पाडण्यात आले. पुढे त्या जागी भूमिगत खरेदी-केंद्र आले. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनचे भाग्य वेगळे. फळा-फुलांचा घाऊक बाजार १९७४ मध्ये नाइन एल्म्स येथे गेला. पण स्थानिक लोकांनी झगडून परिसर वाचवला आणि बाजाराची इमारत १९८० मध्ये डागडुजी करून उघडली गेली. आज तेथे चालायला जागा आहे, बसायला जागा आहे, कलावंत खेळ करतात, जगभरचे पर्यटक येतात. नगररचनेच्या दृष्टीने हे यशाचे उदाहरण मानले जाते, आणि ते तसे आहेच.

पण याच कॉव्हेंट गार्डनमध्ये शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकाचा पडदा उघडतो. पावसात देवळाच्या खांबांआड उभी असलेली फुले विकणारी पोरगी तेथे प्रोफेसर हिगिन्सला भेटते. पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले आणि ही पोरगी मराठी झाली. आपण हे नाटक भाषेविषयीचे नाटक म्हणून शिकवतो : प्रमाणभाषा, बोली, वर्ग, उच्चार. या नाटकात जागेचाही प्रश्न आहे, याकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. शॉची एलायझा प्रोफेसराच्या दारी येते ती काही परी होण्यासाठी नव्हे. रस्त्याच्या कोपऱ्यावर फुले विकण्याऐवजी दुकानात उभे राहून विकता यावीत, आणि त्या दुकानात तिची बोली चालत नाही, म्हणून ती येते. रस्ता आणि दुकान यांच्यामधली भिंत भाषेची आहे, हे शॉला कळले होते. आज कॉव्हेंट गार्डनच्या सुंदर चौकात कोणी एलायझा टोपली घेऊन बसू म्हणेल तर तिला जागा मिळेल का? नाटकाची तिकिटे तिच्या नावावर खपतात, आणि जागा मात्र तिच्यापासून वाचवलेली असते.

पॅरिसने इमारत गमावली आणि बाजारही. लंडनने इमारत राखली, बाजार गमावला. पुण्यात घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तरी इमारत आणि किरकोळ बाजार हे दोन्ही अजून एकत्र नांदत आहेत. ही संपत्ती कोणत्याही आराखड्याने नव्याने निर्माण करता येणारी नाही. ती गमावणे मात्र सोपे आहे, आणि त्यासाठी दुष्टपणाची गरज नाही; उत्तम अभिरुचीही पुरते.

मध्यंतरी आमच्यापैकी काही जण पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मंडईत गेलो होतो. उद्देश वाङ्मयीन होता : बाजाराची बोली ऐकणे, भाव करताना वाक्ये कशी वळतात ते टिपणे. एका विद्यार्थिनीने बाहेर मेथी-शेपू घेऊन बसलेल्या एका वयस्क बाईंना विचारले, ‘मावशी, इथे काही बदल करायचा झाला तर काय करावं?’ आमची अपेक्षा छप्पर, भाडे, जागा अशा उत्तरांची होती. त्या थोडा वेळ जुडी बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘सकाळच्या चहानंतर मी पाणी पीत न्हाई बाई. जायचं कुठं? आन पाटी कुणाच्या जिवावर सोडायची?’ विद्यार्थिनीने वही मिटली. त्या दिवशी जमवलेल्या बोलीच्या नमुन्यांत हे वाक्य घालावे की नाही यावर परतताना बराच वाद झाला. आम्ही ते घातले नाही. बोलीचा नमुना म्हणून ते घालणे आम्हांला त्या बाईंचा अपमान वाटला. येथे मात्र ते घालतो, कारण त्याची जागा आराखड्यात आहे.

आमच्यावर स्वप्नरंजनाचा आरोप होईल हे आम्ही जाणतो. विक्रेते पदपथ अडवतात, ही तक्रार खोटी नाही. काठी टेकत चालणाऱ्या वृद्धाला, चाकांच्या खुर्चीवरील माणसाला, दृष्टिहीनाला पाटी काय आणि दुचाकी काय, अडथळा तो अडथळाच. पेठेत राहणाऱ्यांना आजारी माणूस घेऊन बाहेर पडायचे तर वाट हवी. प्रत्येकाला मनास येईल तेथे बसू देणे म्हणजे न्याय नव्हे. त्यात जो दांडगा तोच जागा बळकावतो आणि ती पोटभाड्याने देतो. आम्ही भाजीवालीला देवीही करू इच्छित नाही. ती वजनात मारते, आपण भाव पाडून मारतो. दोघांचा हिशेब बरोबर आहे. मुद्दा एवढाच की जागा कमी आहे तेव्हा कोणाला तरी नाही म्हणावे लागणार, आणि ते कोणाला म्हणायचे हे ठरवताना समोर कोण बसलेले आहे याचा विचार आधी व्हावा. आज तो शेवटी होतो, किंवा होत नाही.

विशेष म्हणजे कायद्याने हा विचार करून ठेवला आहे. २०१४ चा पथविक्रेत्यांविषयीचा केंद्रीय कायदा ‘नैसर्गिक बाजार’ ही संकल्पना मानतो : जेथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले आहेत ती जागा. पन्नास वर्षांहून अधिक काळ जेथे पथविक्रेते व्यवसाय करीत आहेत तो बाजार ‘वारसा बाजार’ म्हणून जाहीर करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे तत्त्वही त्यात आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांतील एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे तो सांगतो. वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मनोरा येतो, कमानी येतात, घडीव दगड येतो. कायद्याच्या भाषेत मात्र बसलेली बाईसुद्धा वारसा आहे. सरकारी गद्याला आपण एरवी नावे ठेवतो. या एका जागी ते आपल्या ललित गद्याच्या पुढे गेलेले आहे, हे मान्य करावयास हवे.

मग रचना कशी असावी? तज्ज्ञांचे काम आम्ही करू शकत नाही. परंतु मराठी भाषेने काही सूचना करून ठेवल्या आहेत, त्या मांडतो. ‘मंडई’ हा शब्द ‘मंडपिका’पासून आला. मध्ययुगीन लेखांत बाजाराच्या, जकातीच्या ठिकाणाला मंडपिका म्हटलेले आढळते. तिच्यापासूनच मांडवी, मंडी, मंडई. मुळाशी मंडप आहे, म्हणजे सावली. बाजाराचे पहिले लक्षण फरसबंदी नव्हे, छाया हे आहे. एप्रिल-मे महिन्यांत दगडी फरशीवर दुपारी बसून पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरा शब्द ‘पार’. मंडईपासून हाकेच्या अंतरावर शनिपार आहे. झाडाभोवती बांधलेला, कोणीही टेकावे असा हा चौथरा. पार, ओटा, कट्टा, पायरी, ओसरी : बसण्याच्या सार्वजनिक जागांसाठी मराठीत एवढे शब्द आहेत, आणि आराखड्यांत मात्र ‘प्लाझा’ येतो. विल्यम व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या चौकांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून १९८० मध्ये जो निष्कर्ष मांडला त्याचा आशय असा की जेथे बसायला जागा असते तेथे माणसे बसतात. पार बांधणाऱ्यांना हे चित्रीकरण न करताच ठाऊक होते. विक्रेत्यांसाठी ओटे, गिऱ्हाइकांसाठी पार, आणि या दोहोंमधून सलग, अडथळ्याविना चालण्याची वाट. ही तिन्ही एका रस्त्यात मावत नाहीत असे नाही. मोटारींची रांग हटवली तर मावतात.

उरलेल्या गोष्टी साध्या आहेत आणि म्हणूनच संकल्पचित्रात दिसत नाहीत. बाजाराच्या वेळेत उघडे राहणारे, स्त्रियांना निर्धास्त वापरता येईल असे स्वच्छतागृह. पिण्याचे पाणी. पहाटे माल उतरवण्यासाठी ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा. हमालाच्या डोक्यावरील ओझे उतरवून ठेवता येईल एवढ्या उंचीचा एखादा दगड. भाजीचा कचरा दुपारीही उचलला जाईल अशी व्यवस्था. आणि सर्वांत आधी, कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी, तेथे बसणाऱ्यांशी बसून केलेले बोलणे.

फुल्यांचा प्रश्न पुन्हा आठवावा. त्यांनी मंडईच्या खर्चाविरुद्ध शिक्षणाची बाजू घेतली, आणि आपण शिक्षणाच्या बाजूची माणसे आहोत. आपले वर्ग, आपली ग्रंथालये, आपली पदे त्या बाजूने झालेल्या खर्चातून उभी राहिली. तेव्हा मंडईकडे पाहताना आपल्यावर दुहेरी जबाबदारी येते. आराखडे हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होतात तेव्हा ते वाचणारे फार थोडे असतात, आणि मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या त्या मावशी त्यांत नसतात. आपण असू शकतो. पुढच्या वेळी असा आराखडा येईल तेव्हा आमचा वर्ग तो संहिता म्हणून वाचणार आहे : कर्ता कोण, कर्म कोण, आणि कोणते क्रियापद कोणाच्या वाट्याला आले आहे. वाचून झाल्यावर जी हरकत आम्ही लिहू तिच्या पहिल्या ओळीत स्वच्छतागृहाची मागणी असेल. मनोऱ्याविषयी आम्ही नंतर लिहू.